मोर्णेचं पाणी आणि दहावी ‘अ’चा फोटो

या स्मरणिकेच्या सुरुवातीला १९७८ च्या दहावी ‘अ’चा जो फोटो छापला आहे, तो नीट पाहिलात तर उजव्या कडेला एक पांढरट डाग दिसेल. संपादक मंडळातल्या मित्राने फोन करून विचारलं, “काहून बे, हा डाग काँप्युटरवर पुसता येत नाही का?” पुसता येतो. मीच नको म्हटलं. तो डाग कसा पडला आणि बाकीचा फोटो कसा वाचला, एवढंच सांगायला बसलो आहे. पण ते सांगताना आपल्याकडचे फोटोवाले, त्यांचे कॅमेरे आणि पाणी यांचा थोडा इतिहास येणारच. इतिहासाचे सर माझ्या उत्तराखाली लाल शाईने “विषय सोडून” असं लिहायचे. त्यांनी या वेळी तेवढी सूट द्यावी.

आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल, शाळेचे ग्रुप फोटो माझे बाबा काढायचे. अमरावतीत राजकमल चौकापासून जवळच, एका कापड दुकानाच्या माडीवर त्यांचा स्टुडिओ होता. मागे डोंगर, तळं आणि हंस रंगवलेला पडदा, पुढे एक लाकडी खुर्ची, आणि जिन्याखाली पाच बाय सहा फुटांची अंधारखोली. निकालानंतर आमचा फोटो तिथेच धुऊन निघाला. मी तेव्हा ट्रे हलवायला उभा होतो, त्यामुळे तुम्हा सगळ्यांचे चेहरे मी तुमच्याआधी पाहिले, लाल दिव्याखाली पाण्यातून हळूहळू वर येताना.

फोटोचा धंदा पहिल्यापासून पाण्याचाच. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने काचेवरच्या ओल्या लेपाची पद्धत काढली. तीत काचेवर रसायन ओतायचं आणि ते ओलं असेपर्यंत फोटो काढून धुवायचाही. वाळलं की काच वाया. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली तेव्हा हौशी मंडळी तंबू, बाटल्या आणि पाण्याची पिंपं बरोबर घेऊनच बाहेर पडत. पुढे १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनचा लेप वापरला आणि कोरड्या काचा आल्या. जिलेटिन म्हणजे हाडाकातड्यापासून काढलेला डिंकच. त्यात चांदीचे क्षार मिसळलेले असतात. बाबांच्या वेळची फिल्म, कागद, काच, सगळं याच जिलेटिनवर चालायचं. ते पाण्यात फुगतं आणि रसायन आत घेतं, म्हणून फोटो धुता येतो. पण पाणी कोमट झालं की ते मऊ पडतं, सुरकुततं, आणि जास्त तापलं तर काचेवरून सायीसारखं सरकतं. हे एवढं ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

वऱ्हाडातल्या फोटोवाल्याला पाणी दोन्हीकडून छळायचं. डेव्हलपरचं पाणी वीस अंशांवर हवं, असं पाकिटावर छापलेलं असे. आपल्याकडे मे महिन्यात नळाला येणारं पाणीच अंघोळीला गरम वाटतं. मग बर्फाची लादी आणायची, फोडून ट्रेच्या बाहेरच्या घमेल्यात टाकायची. बर्फ आत पडला की डेव्हलपर पातळ झालाच. तरी एखाद्या फिल्मवर बारीक जाळी पडायचीच, उन्हाळ्यात तळं आटल्यावर गाळाला भेगा पडतात तशी. म्हणून बाबा उन्हाळ्यात तुरटी वापरायचे. तुरटीने जिलेटिन घट्ट होतं. हे त्यांना कोणत्या पुस्तकातून कळलं होतं की उस्तादाकडून, मी कधी विचारलं नाही.

बाहेरगावी गेलं की आणखी एक त्रास. दर्यापूरकडच्या लग्नाचे फोटो तिथेच रात्री धुऊन द्यायचे, अशी एकदा पाहुण्यांनी गळ घातली. ते पूर्णेचं खोरं, खारपाण पट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. फोटो वाळले तेव्हा नवरा-नवरीवर पांढरी भुकटी आलेली. खरं तर खारं पाणी हायपो लवकर काढतं. दुसऱ्या महायुद्धात जहाजांवर समुद्राच्या पाण्यात फोटो धुताना हे लक्षात आलं होतं. पण शेवटचं पाणी गोडंच लागतं, आणि ते त्या गावात त्या रात्री नव्हतं.

कॅमेऱ्यांचं म्हणाल तर लोकांना वाटतं, आपली हवा कोरडी, इथे भिंगाला बुरशी कशाला धरेल? कोकणातल्यासारखी धरत नाही हे खरं. पण आपल्याकडे एप्रिलपासून वाळ्याचा कूलर सुरू होतो. त्याच्यासमोरच्या कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्याला मे महिन्यातच पावसाळा लागतो. बाबांनी एक चांगलं भिंग असं घालवलं होतं. भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरले होते. त्यानंतर कॅमेरे स्टीलच्या डब्यात गेले, सिलिका जेलच्या निळ्या खड्यांबरोबर. ओल शोषली की ते खडे गुलाबी होतात. गुलाबी झाले की बाबा ते तव्यावर भाजून परत निळे करायचे. आई म्हणायची, “एक तर माह्या भाकरी भाजा, नाही तर तुमचे गोटे.” शेवटी खड्यांसाठी वेगळा तवा आला.

त्या डब्यांत काय काय होतं? उस्तादाकडून मिळालेला लाकडी स्टँड कॅमेरा, काळ्या कापडासकट. बडोद्याला बनणारा अ‍ॅग्फा क्लिक थ्री. आणि बाबांचा जीव की प्राण असलेला यासिका-मॅट, वरून वाकून बघायचा, दोन भिंगांचा. बाहेरच्या मालावर निर्बंध होते तेव्हा तो मुंबईहून कोणाकोणाच्या ओळखीने आणला होता. आपला फोटो याच यासिकावर काढला आहे. त्रेचाळीस जण सहा सेंटिमीटरच्या चौकोनात. म्हणजे एकेक चेहरा मोहरीएवढा.

आता मोवाड. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीचं पाणी मोवाडमध्ये शिरलं आणि २०४ माणसं गेली. वरुडच्या पलीकडे नदी ओलांडली की मोवाड. जिल्हा नागपूर, पण नातीगोती सगळी आपल्याकडची. पाणी ओसरल्यावर बाबा एका नातलगाच्या शोधात तिकडे गेले. नातलग सापडला. परत आल्यावर बाबा दोन दिवस बोलले नाहीत. मग एवढंच सांगितलं, की एक बाई चिखलाचा गोळा हातात धरून बसली होती, आणि तो गोळा म्हणजे लग्नाचा अल्बम होता. तिने यांच्या खांद्यावरची कॅमेऱ्याची पिशवी पाहिली आणि विचारलं, “भाऊ, याच्यातून माणूस निंघते का?”

त्याच पावसाळ्यात आमच्याकडे भंगारवाल्याशी सौदा ठरला होता. जुन्या निगेटिव्हांत चांदी असते, ती काढून घेणारे लोक किलोच्या भावाने निगेटिव्ह विकत घेत. त्या काळी कित्येक स्टुडिओंनी तशा विकल्या. आपल्या गावांचे चेहरे असे वितळून गेले, याची कुठे नोंदही नाही. बाबांनी पोती बांधून ठेवली होती. मोवाडहून आल्यावर त्यांनी ती सोडली आणि एकेक पाकीट बटर पेपरमध्ये घालून वर शाळेचं, गावाचं, वर्षाचं नाव लिहायला बसले. “१९७८ – दहावी अ” हे पाकीट असं राहिलं.

बाबा २००४ मध्ये गेले. स्टुडिओ त्याआधीच बंद झाला होता. मी नोकरीनिमित्त अकोल्यात कौलखेडच्या बाजूला घर केलं होतं. डबे आणि पाकिटं एका लोखंडी पेटीत भरून मी तिकडे नेली आणि पेटी ठेवली पलंगाखाली. तळमजल्यावर. मोर्णा नदी तिथून लांब नाही, हे मला रोज दिसत होतं. पण मोर्णा म्हणजे तेव्हा आमच्या लेखी जलकुंभीने भरलेला नाला. २०१८ च्या जानेवारीत हजारो अकोलेकर ती साफ करायला पात्रात उतरले होते, मीही एक दिवस टोपलं उचललं होतं. तिला कधी पूर येईल आणि तो आपल्या पलंगाखाली येईल, हे डोक्यात आलं नाही.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. आपल्या वर्गातला जो अकरावीच्या सुट्टीत काविळीने गेला, त्याचं नाव लिहीत नाही, वर्गाला ठाऊक आहे. त्याच्या धाकट्या बहिणीने २०२० च्या डिसेंबरात मला फोन केला. घरातला त्याचा एकुलता फोटो भिंतीच्या ओलीने गेला होता. आई नव्वदीला टेकलेली. “दादा, शाळेच्या फोटोत तो आहे ना? तुमच्याकडे असेल.” मी म्हटलं, शोधतो. पेटी माझ्या पलंगाखाली होती, झोपल्या जागी हात पोचेल इतकी जवळ. सात महिने मी ती उघडली नाही.

२१ जुलै २०२१ च्या रात्री अकोल्यात पाऊस कोसळला. पहाटेच्या आत मोर्णेचं पाणी गीतानगर, खेतान नगर, कौलखेड, खडकी या भागांत घुसलं. दुसऱ्या दिवशी, २२ तारखेला, चिपळूण आणि महाड बुडाले, तळियेवर दरड कोसळली. सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष तिकडे गेलं, आणि ते जायलाच हवं होतं. आमच्याकडे फ्रिज, गाद्या, धान्य गेलं, माणसं वाचली. मी आणि बायको जिन्यावर बसून घरातलं पाणी मोजत होतो. आधी एक पायरी, मग दोन. पलंगाखालची पेटी मला आठवली तेव्हा पलंगच दिसत नव्हता.

पाणी उतरल्यावर पेटी उघडली. आपली काळी माती कशी असते ते शेतकऱ्याच्या पोरांना सांगायला नको. ओली असते तेव्हा लोण्यासारखी, वाळली की दगड. ती प्रत्येक फटीत शिरली होती. यासिकाच्या वरच्या काचेतून पाहिलं तर आत चहासारखं पाणी हलत होतं.

पुढच्या चोवीस तासांत मी तीन चुका केल्या. पहिली म्हणजे माझा स्वतःचा डिजिटल कॅमेरा. वरून पुसला आणि चालू होतो का बघावं म्हणून बटण दाबलं. एक हिरवा दिवा लागला, विझला, आणि विषय संपला. ओल्या यंत्रात वीज सोडली की आतले तांब्याचे धागे तिथल्या तिथे खाल्ले जातात. आधी बॅटरी काढायची, मग बाकी सगळं. आतलं कार्ड मात्र धुऊन, वाळवून आठ दिवसांनी लावलं तर त्यातले सगळे फोटो जागेवर होते.

दुसरी चूक तांदळाची. शेजारचा पोरगा म्हणाला, “काका, तांदळाच्या कोठीत ठेवा, माह्या मोबाईल तसाच सुरू झाला.” मी अ‍ॅग्फा ठेवला. तांदूळ ओल फारशी ओढत नाही, आणि त्याचं पीठ मात्र आत जातं. त्याच्या शटरमध्ये मातीच्या जोडीला खीर तयार झाली.

तिसरी चूक अजून सलते. उस्तादाच्या चोवीस काचा लाकडी खोक्यात होत्या. माझ्या जन्माआधीच्या, फेट्यातले मालगुजार, नऊवारीतल्या बाया, मधोमध हार घातलेले कीर्तनकार. पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं होतं. मी त्या गच्चीवर ओळीने आडव्या मांडल्या आणि खाली गाळ उपसायला गेलो. तासाभराने वर आलो तर चित्रं काचांवरून घसरून कडेला गोळा झाली होती. फुगलेलं जिलेटिन, त्यात ऊन. जिलेटिनचा स्वभाव मी लहानपणापासून पाहिला होता, वर तुम्हालाही सांगितला, आणि ऐन वेळी विसरलो. चोवीसपैकी सात राहिल्या. त्या सावलीत, उभ्या टेकवून वाळवल्या.

त्या गच्चीवर उभा असताना बाबांचं वाक्य आठवलं. अंधारखोलीत एखादी फिल्म चिकटली की ते म्हणायचे, “ओढू नको पोट्ट्या. ओलं हाय तवर जितं हाय, सुकलं का गेलं.” बटर पेपरची पाकिटं अजून ओली होती. म्हणजे जगात सगळे सांगतात त्याच्या उलट, मला ती वाळू द्यायची नव्हती. एकमेकींना चिकटलेल्या निगेटिव्ह तशाच वाळल्या असत्या तर कायमच्या एक झाल्या असत्या. घाण पाण्यात दोन दिवसांत बुरशीही धरली असती. नळ बंद, वीज बंद. कोरड्या वस्तीत राहणाऱ्या पुतण्याकडून पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे सहा कॅन आणले आणि बर्फाची एक लादी. तीन बादल्या भरल्या, बाहेरच्या घमेल्यात बर्फ टाकला आणि पाकिटं त्यात सोडली. बायको म्हणाली, “घरात प्यायला पाणी नाही आणि हे फोटोले पाजून राह्यले.” पण पाणी बदलायला तीच रात्री दोनदा उठली.

बोट लावायचं नाही, चोळायचं नाही. पाणी हलवत राहायचं, माती आपोआप खाली बसते. पहाटे चारच्या सुमाराला दहावी ‘अ’ची निगेटिव्ह दुसऱ्या दोघींपासून सुटली आणि पाण्यात एकटी तरंगू लागली. टॉर्च खाली धरला. निगेटिव्हमध्ये पांढरे शर्ट काळे दिसतात आणि चेहरे गडद. मागच्या रांगेत, बाकावर उभा, डावीकडून तिसरा. भांग उजवीकडे. त्याने मान थोडी वळवली होती, कोणीतरी हाक मारल्यासारखी. तो होता. उजव्या टोकाला मात्र नखाएवढा तुकडा दुसऱ्या निगेटिव्हबरोबर गेला होता.

तुरटीच्या पातळ पाण्यात दोन मिनिटं, मग स्वच्छ पाणी, शेवटी भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब, म्हणजे डाग न राहता पाणी निथळतं. आणि दोरीवर चिमटा लावून सावलीत. हा सगळा क्रम हातांनाच माहीत होता.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की मी काही नवीन केलं नव्हतं. १९१५ मध्ये शॅकल्टनचं जहाज बर्फात चिरडलं तेव्हा फ्रँक हर्ली हा फोटोग्राफर कमरेएवढ्या गारठ्या पाण्यात उतरून काचांचे डबे काढून आला. डबे डाग देऊन बंद केलेले, म्हणून काचा वाचल्या. पुढे वजन कमी करायला त्याने शंभरावर ठेवल्या आणि सुमारे चारशे स्वतःच्या हाताने फोडल्या. फोडल्या, म्हणजे परत मोह नको. स्वीडनच्या आंद्रेची बलूनमधली उत्तर ध्रुवाची मोहीम १८९७ मध्ये हरवली, प्रेतं आणि कॅमेरा १९३० मध्ये बर्फाच्या बेटावर सापडले, आणि तेहतीस वर्षं ओलीत पडलेल्या फिल्ममधून योन हर्ट्झबर्ग याने ९३ चित्रं काढली. आणि जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर यामामोतो गावात स्वयंसेवकांनी चिखलातून साडेसात लाख फोटो धुऊन लोकांना परत द्यायला सुरुवात केली. मोवाडच्या त्या बाईच्या प्रश्नाला उत्तर होतं. ते आपल्याकडे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं, एवढंच.

यासिका मी चिखलासकट ओल्या फडक्यात गुंडाळून सीताबर्डीवरच्या एका जुन्या कारागिराकडे नेला. त्यांनी पाहिलं आणि आधी तो उघडून साध्या स्वच्छ पाण्यात धुतला. माझा जीव वरखाली. म्हणाले, माती वाळली की दात्यांमध्ये वाळू होते, पाण्याने पाणीच काढावं लागतं, मग स्पिरिट. पुढच्या दोन भिंगांच्या मधला डिंक सुटायला लागला होता, तो राहिला तसा. आज कॅमेरा चालतो. फक्त एक सेकंदाचं शटर लावलं की ते मनात येईल तेव्हा बंद होतं.

निगेटिव्ह अमरावतीला मित्राच्या मुलाकडे स्कॅन करायला न्यायची होती. अकोला–अमरावती रस्त्याची तेव्हाची दशा तुम्हाला माहीत आहे. पुढे २०२२ च्या जूनमध्ये त्याच रस्त्यावर पंचाहत्तर किलोमीटर सलग डांबर टाकून विश्वविक्रम झाला. मी गेलो ते वर्षभर आधी, मूर्तिजापूरपर्यंत पाकीट दोन्ही हातांनी धरून, पाजता पाजता झोपलेलं लेकरू धरावं तसं.

मोहरीएवढा तो चेहरा मोठा करून फ्रेममध्ये घालून त्याच्या घरी नेला. फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट ठेवली, म्हणजे ओल आली तरी फोटो काचेला चिकटत नाही. त्याच्या आईने फोटो डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, पुन्हा जवळ नेला. मग म्हणाली, “हा शर्ट त्याचा नव्हता. मागून आणला होता, फोटोसाठी.” शर्ट कोणाचा, हे तिला आठवेना. आपल्यापैकी ज्याचा असेल त्याने मेळाव्यात मला सांगावं. मला तिला कळवायचं आहे.

आता डागाविषयी. तिथे तीन जण होते. दोघं आपलेच, त्यांचे इतर फोटो आहेत. तिसरे म्हणजे शाळेचे शिपाईकाका, हातात पितळी घंटेचा टोल घेऊन उभे. त्यांना त्या दिवशी सरांनी आग्रहाने फोटोत बोलावलं होतं. काँप्युटरवर डाग पुसला असता तर त्या जागी भिंत आली असती आणि काका तिथे नव्हतेच असं झालं असतं. म्हणून डाग ठेवला. या फोटोच्या छापील प्रती तेव्हा प्रत्येकाने घेतल्या होत्या. कोणाच्या माळ्यावर, दिवाणखाण्यात, जुन्या पेटीत एखादी असेल तर मेळाव्याला घेऊन या. आणि ती फ्रेमच्या काचेला चिकटली असेल तर सोलून काढू नका. काचेसकट, तशीच आणा.